दिवेलागणीची लुकलुक

दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला, रोज एक चित्र घेतले आणि महिन्या-सव्वामहिन्याने पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वाढताना दाखवून पैसा लावायला कांकूं करणाऱ्यांना राजी केले, ही हकिगत मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी हा लघुपट पाहून हात मोकळा सोडला, असेही सांगितले जाते. पटाचे नाव ‘अंकुराची वाढ’. काहींच्या मते तो फाळके १९१२च्या फेब्रुवारीत लंडनला गेले त्याआधीचा, काहींच्या मते परतल्यानंतरचा. त्या वादात मला आज शिरायचे नाही. मला अडला आहे तो साधा हिशेब.

मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे पडद्यावर जात. रोज एक या दराने महिन्यात तीस चित्रे होतात. म्हणजे पडद्यावर पुरते दोन सेकंदही नाहीत. सावकाराने चष्मा पुसेपर्यंत वाटाणा उगवून वर गेलेला असायचा. आणि पटाची लांबी मात्र मिनिटभराहून थोडी अधिक होती, असे त्याच हकिगतीत पुढच्या वाक्यात येते. एक मिनिट म्हणजे ९६० चित्रे, साठ फूट फीत. महिन्याने भागले तर दिवसाला ३२ चित्रे पडतात. ‘रोज एक’ आणि ‘मिनिटभर’ ही दोन्ही विधाने शेजारीशेजारी छापली जातात आणि एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. तीस वर्षे साताऱ्यात फोटो स्टुडिओ चालवला आणि चित्रपटाचा इतिहास वाचला तो गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. त्यामुळे ही विसंगती दिसल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो स्टुडिओवाल्याचा. दिवसाला ३२ चित्रे घेतली असतील, तर उजेडाचे काय केले? सकाळ, दुपार, संध्याकाळ, मधला ढग. यातला प्रत्येक फरक फितीवर उतरणार आणि पडद्यावर लुकलुकणार.

या लुकलुकीला छायाचित्रकार ‘फ्लिकर’ म्हणतात. आज मोबाइलवर दिवसाची रात्र होतानाचे टाइम-लॅप्स जो तो पाहतो. सूर्य कलतो, आभाळ निळे-जांभळे होते, शहराचे दिवे लागतात, चांदण्या सरकतात, आणि सगळे तीस-चाळीस सेकंदांत. ते लोण्यासारखे सरकणारे चित्र पाहणाऱ्याला सहज वाटते. वास्तविक ते सहज मिळवायला शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत.

सुरुवात डोळ्यापासून करावी लागते. एका जागी स्थिर उजेड एक-दोन टक्क्यांनी कमी-जास्त झाला तरी डोळ्याला कळू शकते, पण तो बदल किती वेगाने होतो यावर बरेच अवलंबून असते. १९५०च्या दशकात द लांगे या डच संशोधकाने याचे पद्धतशीर मोजमाप केले. सेकंदाला आठ-दहा वेळा होणारी लुकलुक डोळ्याला सर्वांत जास्त टोचते. त्याहून फार सावकाश झाली तर डोळा ती पचवतो, फार वेगाने झाली तर दिसतच नाही. आता पंचवीस चित्रांच्या चित्रफितीत एक चित्र उजळ, पुढचे मंद, पुन्हा उजळ असे झाले, तर लुकलुकीचा दर येतो सेकंदाला साडेबारा. म्हणजे डोळ्याच्या नेमक्या दुखऱ्या जागेच्या शेजारी. एकेकटे पाहिले तर ज्या दोन फोटोंत फरक सांगता येणार नाही, तेच एकापाठोपाठ धावले की पडदा थरथरतो.

जुन्यांनी यावर काढलेला पहिला तोडगा म्हणजे रात्र गाळणे. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरचे स्टार थिएटर १९०१ साली पाडले. समोरच अमेरिकन म्युटोस्कोप अँड बायोग्राफ कंपनीची कचेरी होती. फ्रेडरिक आर्मिटेज याने तिथे कॅमेरा लावला आणि विजेवर चालणाऱ्या खास यंत्राने दर चार मिनिटांना एक चित्र घेतले. दिवसाचे आठ तास, सुमारे महिनाभर. हिशेब करा. तासाला १५, दिवसाला १२०. पटाचे नाव पाहिले तर ते इमारत पाडण्याचे आणि उभारण्याचेही आहे, कारण दाखवणाऱ्याला हवी तर तीच फीत उलटी फिरवून थिएटर पुन्हा उभे करता येत असे. फाळक्यांच्या वाटाण्याआधी दहा-अकरा वर्षे हे झाले होते आणि मुदतही तीच, महिन्याची.

हा पट पाहताना लोक कोसळणाऱ्या भिंतींकडे पाहतात. मी तो थांबवून थांबवून रस्त्याकडे पाहिला. सावल्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला धावतात, मग धप्पकन मूळ जागी येतात, पुन्हा धावतात. तो धप्पकन म्हणजे गाळलेली रात्र. उजेड उसळतो, बसतो. ऊन आहे की आभाळ भरले आहे, हे त्या उसळण्यातून कळते. म्हणजे लुकलुक हा इथे नुसता दोष नाही, ती हवामानाची वहीही आहे.

दुसरा तोडगा सूर्याला घराबाहेर काढण्याचा. लंडनच्या पर्सी स्मिथने १९१० साली चार्ल्स अर्बनच्या कंपनीसाठी फुले उमलण्याचा पट केला. स्मिथ मूळचा सरकारी कारकून, घरीच खटपटी करून यंत्रे जुळवणारा. अशा हौशी माणसांबद्दल मला जवळीक वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे अमेरिकेत जॉन ऑट या शिकागोच्या बँकेत काम केलेल्या गृहस्थाने हाच मार्ग टोकाला नेला. चित्र घ्यायच्या क्षणी सूर्यप्रकाश अडवायचा, मोठे दिवे लावायचे, शटर उघडायचे, दिवे मालवायचे, सूर्याला परत आत घ्यायचे. प्रत्येक चित्राला तोच दिवा, तेवढाच उजेड, मग लुकलुकीचा प्रश्न उरतोच कुठे? पण डिस्नीच्या पटासाठी भोपळ्याचे वेल तळघरात ट्यूबलाइटखाली वाढवताना ऑटच्या लक्षात आले की एका प्रकारच्या ट्यूबखाली नुसती नरफुले धरतात, मादीफुले गळतात. ट्यूब बदलल्यावर चित्र फिरले. ऑटने त्यावरून पुढे प्रकाश आणि आरोग्य यांविषयी बरेच काही मांडले, ते सगळे मी मान्य करणार नाही. पण लुकलुक घालवायला आणलेल्या दिव्याने खुद्द वेलच बदलला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

भोपळा तळघरात नेता येतो, शहर नेता येत नाही. दिवेलागणीला खरा पेच इथेच पडतो.

भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास, आणि नुसत्या चांदण्यांच्या उजेडात लक्सचा हजारावा भाग. छायाचित्रकार उजेडाची मोजणी दुपटीने करतो. उजेड दुप्पट किंवा निम्मा झाला की एक स्टॉप. ऊन ते तारे हे अंतर वीस स्टॉपांहून जास्त, म्हणजे दहा लाखपटींहून अधिक भरते. कोणत्याही कॅमेऱ्याची एकच एक जुळणी यात टिकत नाही. कुठेतरी शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते, संवेदनशीलता वाढवावी लागते. म्हणजे उजेड बदलतोय आणि त्याच वेळी कॅमेराही बदलतोय. दोन हलत्या गोष्टींतून एक स्थिर चित्र काढायचे, म्हणून पाश्चात्त्य छायाचित्रकारांनी या कामाला ‘होली ग्रेल’ म्हटले. त्यांच्या दंतकथांतला तो पवित्र पेला, ज्याच्या शोधात सरदार जन्म घालवतात.

आणि आपल्याकडे हे काम इंग्लंड-जर्मनीपेक्षा घाईचे असते. मी अजिंक्यताऱ्यावरून सातारा शहराची दिवेलागण गेली काही वर्षे टिपतो आहे. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. मावळल्यापासून बावीस-तेवीस मिनिटांत तो क्षितिजाखाली सहा अंश जातो. एवढ्या वेळात उजेड काहीशे लक्सवरून तीन-चार लक्सवर येतो, म्हणजे साधारण दर तीन मिनिटांना निम्मा. लंडनला जूनमध्ये तेवढेच खाली जायला सूर्याला पाऊण तास लागतो. तिकडच्या पुस्तकांतली कोष्टके इथे आणून वापरली की ती मागे पडतात.

आता कॅमेऱ्याची चाके पाहू. बहुतेक कॅमेऱ्यांत एक्स्पोजर एक तृतीयांश स्टॉपच्या पायरीने बदलते. एक पायरी म्हणजे २६ टक्के. तीन मिनिटांना एक स्टॉप, म्हणजे मिनिटाला एक पायरी. दर दहा सेकंदांना एक फोटो घेतला, तर सहा फोटो हळूहळू अंधारत जातात आणि सातवा एकदम २६ टक्क्यांनी उजळतो. पडद्यावर पंचवीसच्या वेगाने ही करवत सेकंदाला चार वेळा चालते. ऑटो एक्स्पोजरवर सोडला तर कॅमेरा त्याहून वाईट वागतो. चौकटीत एखाद्या गाडीचा दिवा आला की तो दचकतो आणि आभाळ काळे करतो.

यात भर घालतो लेन्समधला पडदा. आधुनिक लेन्सचे अ‍ॅपर्चर एरवी पूर्ण उघडे असते आणि प्रत्येक फोटोच्या क्षणी ठरलेल्या मापापर्यंत मिटते. पाती प्रत्येक वेळी अगदी त्याच जागी थांबत नाहीत. भोकाच्या व्यासात दोन टक्क्यांची चूक झाली, तर उजेडात चार टक्क्यांची होते. एका फोटोला हे कुणाला दिसणार? नऊशे फोटोंत मात्र पडदा फडफडतो, आणि ही फडफड कुठल्याही नियमात बसत नाही. उपाय मात्र मजेदार आहे. कड्याने हाताने फिरवायच्या अ‍ॅपर्चरची, भंगाराच्या भावाने मिळणारी जुनी लेन्स घ्यावी. तिची पाती एकदा लावली की हलत नाहीत. कॅननवाले दुसरी युक्ती करतात. अ‍ॅपर्चर मिटलेले असतानाच लेन्स किंचित पिळून विजेचा संपर्क तोडतात, म्हणजे पाती आहेत तिथेच राहतात. पिळताना लेन्स हातात येऊ नये एवढी काळजी घ्यावी लागते. शटरचेही तसेच. सेकंदाच्या चारहजाराव्या भागात पडद्यांची बारीकशी डळमळ मोठी ठरते. दशांश सेकंदात तीच हरवून जाते. म्हणून दिवसा गडद फिल्टर लावून शटर सावकाश ठेवण्याची रीत पडली.

पायऱ्यांचा प्रश्न दोन बाजूंनी सोडवला गेला. एक पंथ म्हणाला, पायऱ्याच नकोत. कॅमेरा ‘बल्ब’वर ठेवायचा, म्हणजे बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे, आणि किती वेळ दाबायचे ते बाहेरच्या यंत्राने ठरवायचे. प्रत्येक फोटोला मागच्यापेक्षा केसभर जास्त वेळ. २००९ साली ट्रॅमेल हडसन यांनी कॅननसाठी सुरू केलेल्या ‘मॅजिक लँटर्न’ या मोफत प्रणालीतही पुढे ही सोय आली. अडचण एवढीच, की बल्बवर फार थोडा वेळ शटर उघडता येत नाही, तेव्हा उन्हात ही पद्धत लंगडी पडते.

दुसऱ्या पंथाचे म्हणणे मला जास्त पटते. जर्मनीच्या गुंथर वेग्नर यांच्या एलआरटाइमलॅप्स या सॉफ्टवेअरने ते रूढ केले. पायऱ्या राहू द्या, पण लपवू नका. प्रत्येक रॉ फाइलमध्ये शटर, अ‍ॅपर्चर, संवेदनशीलता यांची नोंद असते. जिथे कॅमेऱ्याने एक तृतीयांश स्टॉपची उडी मारली, तिथे सॉफ्टवेअर तेवढाच उलटा उतार देते आणि पुढच्या उडीपर्यंत तो हळूहळू सोडते. करवतीचे दात भरून निघतात. यात अंदाज नाही, जमाखर्च आहे. वाणिज्यवाल्याला तो आवडणारच.

पण एवढ्याने अ‍ॅपर्चरची फडफड जात नाही, कारण तिची नोंद कुठेच झालेली नसते. मग येते दुसरी पायरी. प्रत्येक फोटोची सरासरी उजळता मोजायची, तिचा आलेख काढायचा, त्यावरचे सगळे उंचवटे इस्त्री फिरवल्यासारखे सपाट करायचे. आणि इथे जमाखर्च संपून अंदाज सुरू होतो. सॉफ्टवेअरला कळते ते एवढेच, की हा फोटो शेजाऱ्यांपेक्षा मंद आहे. तो पाती चुकल्याने मंद आहे की जगच तेवढे मंद झाले होते, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

एका पावसाळी संध्याकाळी मी किल्ल्यावर असताना शहराच्या एका भागाची वीज गेली आणि काही मिनिटांनी परत आली. मूळ फोटोंत ते स्वच्छ दिसते. चौकटीचा खालचा डावा कोपरा काळा होतो, बाकी सगळे जसेच्या तसे. घरी आल्यावर पूर्ण चौकट मोजून लुकलुक काढली, तेव्हा सॉफ्टवेअरने तेवढे फोटो उचलून उजळ केले. परिणाम असा, की वीज गेलेल्या मिनिटांत आभाळ उजळले. मोजणीसाठी फक्त आभाळाचा पट्टा निवडल्यावर ते सरळ झाले. मुद्दा असा, की पहिली आवृत्ती दिसायला अधिक सुंदर होती. ती कुणाला दाखवली असती, तर सूर्य मावळल्यावर आभाळ क्षणभर परत का उजळले, असे एकानेही विचारले नसते.

हे मला जुन्या फितींच्या संदर्भात महत्त्वाचे वाटते. आज जगभर जुने पट संगणकावर स्वच्छ केले जातात. चरे काढतात, हेलकावे थांबवतात आणि लुकलुक काढतात. सामान्य प्रेक्षकासाठी ते हवेच. पण हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात लुकलुक कशाने येते? मुठीचा वेग मंदावला की शटर जास्त वेळ उघडे राहते आणि चित्र उजळते. वेग वाढला की मंदावते. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी कॅमेऱ्यावर त्रिंबक तेलंग यांना शिकवून तयार केले होते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फाळक्यांच्या फितींचे जे अवशेष जपलेले आहेत, त्यांच्या थरथरीत रसायनांचे आणि काळाचे काम आहे, नकलांच्या नकलांचे आहे, आणि कॅमेरा फिरवणाऱ्याच्या मनगटाचेही आहे. इस्त्री फिरवली की तिन्ही एकदम जातात.

आता वाटाण्याकडे. ‘अंकुराची वाढ’ आज उपलब्ध नाही. पण ती फीत असती, तर ‘रोज एक’ की ‘रोज बत्तीस’ याचा निकाल कशावरून लागला असता, हे मात्र सांगता येते.

शक्यता तीन. पहिली, खरेच रोज एक चित्र घेतले आणि छापताना प्रत्येकाच्या तीस-बत्तीस नकला लागोपाठ काढल्या. छपाई हा फाळक्यांचा मूळ धंदाच, त्यांना ते अवघड नव्हते. तसे असेल तर प्रत्येक गटातली चित्रे अगदी सारखी दिसतील, मूळ फितीवरच्या धुळीच्या कणासकट. लुकलुक फक्त गटाच्या सांध्यावर. दुसरी, रोज ठरलेल्या वेळी मूठ चार वेळा फिरवली. त्या काळच्या कॅमेऱ्यात मुठीच्या एका फेऱ्याला आठ चित्रे जात. चार फेरे म्हणजे बरोबर बत्तीस. मला स्वतःला हीच शक्यता जवळची वाटते, कारण रोज सकाळी चार फेरे ही घरातल्या कामाच्या ओघात होणारी गोष्ट आहे. मग गटाच्या आत मनगटाची बारीक थरथर दिसेल आणि सांध्यावर दिवसादिवसाच्या उजेडाची उडी. रोपही सलग वाढणार नाही, दर दोन सेकंदांनी उडी मारेल.

तिसरी, बत्तीस चित्रे दिवसभर विखरून घेतली, म्हणजे उजेडाच्या अकरा तासांत दर वीस मिनिटांना एक. तर उजेडाची लाट दिसेल. सकाळी मंद, दुपारी उंच, संध्याकाळी पुन्हा खाली, आणि दर बत्तीस चित्रांनी तीच लाट नव्याने. संध्याकाळची घसरण तर डोळ्याला वाटते त्याहून तीव्र, कारण त्या काळची फीत निळा उजेड पाही आणि लाल तिच्या लेखी अंधारच असे. डार्करूममध्ये लाल दिवा चाले तो त्यामुळेच. मावळतीचे सोनेरी ऊन तिला जवळजवळ दिसत नसे, आणि रॉकेलच्या दिव्याचा पिवळा उजेड तर नसल्यासारखाच. फाळक्यांनी उजेड कमी होताना अ‍ॅपर्चर मोठे करून भरपाई केली असेल, तर ती भरपाईही पायऱ्यापायऱ्यांनी फितीवर दिसेल, अजिंक्यताऱ्यावरच्या माझ्या फोटोंत दिसते तशीच. आणि पट लंडनहून परतल्यावर, १९१२च्या पावसाळ्याच्या सुमारास झाला असेल, तर मुंबईच्या ढगांनी त्या लाटेवर आपल्या खुणा ठेवल्याच असतील.

जुन्या फितींचे तुकडे अधूनमधून अनपेक्षित जागी सापडत असतात, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत. असा साठ फुटांचा तुकडा कधी कुणाच्या हाती लागला, तर माझी एकच विनंती आहे. स्कॅन केल्यावर पहिली फाइल तशीच बाजूला ठेवा, लुकलुकीसकट, आणि सरळ करायची ती दुसरी. मग पहिल्या फाइलमधली चित्रे बत्तीस-बत्तीसच्या गटांत मांडून प्रत्येकाची उजळता मोजा. एका दुपारचे काम आहे.